रेव्हमीराच्या चौकीतली रायफल

तेरा डिसेंबर, मंगळवार. सकाळी उणे चौदा, वारा अजिबात नाही, आभाळ स्वच्छ. रात्री बोटभर भुरभुरीत बर्फ पडून गेला होता आणि रस्ता साफ करणारं यंत्र अजून फिरलं नव्हतं. त्यामुळे सुन्नेहून रेव्हमीराला पोचायला तोर्गनीला नेहमीपेक्षा बराच वेळ लागला, आणि त्या दिवसाची चिडचिड तिथूनच सुरू झाली.

काम तसं साधं होतं. फोल्के हेडलोव नावाचा म्हातारा ऑक्टोबरात वारला होता. स्वीडनच्या हद्दीत, नॉर्वेच्या सीमेलगत, तळ्याकाठच्या त्या घरात त्याने जन्मभर लष्कराने मोडीत काढलेल्या जुन्या रायफली जमवल्या होत्या. परवाना त्याच्याबरोबर संपला. आता त्या घरात ठेवता येत नव्हत्या. तोर्गनीकडे शस्त्रविक्रीचा परवाना होता, आणि जुन्या स्वीडिश माउझर रायफलींची पारख करणारा त्याच्या तोडीचा माणूस त्या बाजूला दुसरा नव्हता. एकेक रायफल हातात घ्यायची, नळी बघायची, दस्ता बघायचा, किंमत लिहायची, गाडीत घालायची आणि घरी यायचं. जेवणवेळेपर्यंत आटोपणारं काम.

घरी येणं मात्र अगदी जरुरीचं होतं. तो लुसियाचा दिवस होता, ऐन हिवाळ्यातला उजेडाचा सण. संध्याकाळी सहाला सुन्नेच्या चर्चमध्ये त्याची नात तीरा पांढरा पायघोळ झगा घालून, डोक्यावर पेटत्या मेणबत्त्यांचा मुकुट घेऊन मुलींच्या रांगेपुढे चालणार होती. गेल्या वर्षी तिच्या वाढदिवसाला तोर्गनी एका लिलावात अडकला होता. त्याआधी एकदा कुणाच्या तरी माळ्यावर. सकाळी गाडीत बसताना मुलीचा, पर्निलाचा, फोन आला होता.

"बाबा, या वेळी नाही आलास तर तिला कारण तूच सांगायचंस. तुझ्या वतीने थापा मारून मी थकले."

"येतो म्हटलं ना."

"तू नेहमीच येतो म्हणतोस. मग एखादी रायफल तुझ्याशी बोलायला लागते."

"दुपारी दोनला तिथून निघालेला असेन. लिहून घे."

"मी कशाला लिहू? तूच लिही. सगळं लिहीत असतोस ना!" असं म्हणून तिने फोन ठेवला होता.

फोल्केची बायको गुन्वोर दारातच उभी होती. ऐंशीला टेकलेली, बुटकी, पायात लोकरीचे जाड बूट, कमरेला एप्रन. तोर्गनी लहानपणापासून तिला मावशी म्हणायचा.

"उशीर केलास," ती म्हणाली. "कॉफी दोनदा गरम केली."

"आधी कपाट बघू मावशी. मग कॉफी."

"या घरात कॉफीआधी कुणी कशाला हात लावत नाही. फोल्केसुद्धा नाही लावायचा."

कॉफी झाली. लुसियाचे केशरी पाव झाले. तोर्गनीने एक खाल्ला तेव्हा तिने दुसरा पुढे केला, दुसरा संपवला तेव्हा तिसरा. फोल्केचं आजारपण, तोरस्बीच्या इस्पितळातलं बेचव जेवण, शेजारचा बोर्ये आणि त्याचं भुंकणारं कुत्रं. घड्याळाकडे बघत तोर्गनी 'हो का', 'अरेरे' म्हणत राहिला. शेवटी एकदाची तिने पोलादी कपाटाची किल्ली पिठाच्या डब्यातून काढून दिली.

कपाट उघडलं आणि त्याने कपाळावर हात मारला. रायफली ओळीत नीट उभ्या होत्या, लाकूड तेल पाजलेलं, नळ्या काळ्याभोर. पण एकीच्याही पोटात बोल्ट, म्हणजे गोळी नळीत ढकलून मागचं तोंड बंद करणारा दांडा, नव्हता.

"मावशी, बोल्ट कुठे आहेत?"

"धुतले."

"काय केलं?"

"सगळे ग्रीसने बरबटलेले होते. तू येणार म्हणून काढले आणि धुतले. भांड्यांच्या साबणाने. मग मंद भट्टीवर वाळवले." तिने स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातली बटाट्यांची बादली ओढून आणली. बादलीत सगळे बोल्ट एकावर एक, चमच्यांसारखे लखलखत पडले होते.

"मावशी... यांच्यावर नंबर असतात."

"आहेत की! धुताना एकाचाही गेला नाही, बघ."

तोर्गनीने भिंग काढलं. माउझर जमवणाऱ्याला जे सांगावं लागत नाही ते तिला सांगून उपयोग नव्हता. कारखान्यातून निघाली तेव्हा जो बोल्ट जिच्या पोटात होता तोच आज असेल तर रायफलीला मोल. परका असेल तर ते निम्म्याने उतरतं. आता एकेक बोल्ट उचलायचा, भिंगातून त्याच्यावरचे बारीक आकडे वाचायचे, एकेका नळीवरच्या आकड्यांशी ताडायचे. साबणाने तेल गेलं होतं, भट्टीतून काढल्याबरोबर लोखंडावर केशरी गंजाची पुसट पूड धरायला लागली होती. प्रत्येकाला तेलाचं बोट लावणं आलं. तो बाकावर बसला. गुन्वोर समोर बसून विणत होती आणि मधूनच म्हणत होती, "चमकतात की नाही?"

जेवणवेळ टळली. दोन वाजून गेले. खिडकीबाहेरचं ऊन तळ्याच्या पलीकडच्या काठावर गेलं, मग झाडांच्या शेंड्यांवर, मग तिथूनही उतरायला लागलं. डिसेंबरात तिथे तीनलाच संध्याकाळ होते.

जोड्या लागत गेल्या. फोल्केची निवड चांगली होती, हे चिडचिडीतही तोर्गनीला मान्य करावं लागलं. दस्त्याच्या उजव्या अंगाला बसवलेली पितळी चकतीवर लष्करातल्या शस्त्रकारांनी नळी तपासून खुणा मारलेल्या असतात, नळी किती झिजली, आत किती काळवंडली. पण तोर्गनी चकतीवर कधीच विसंबत नसे. प्रत्येक नळी तो खिडकीकडे धरून मागून डोळा लावून बघायचा. चांगल्या नळीतून पलीकडचा उजेड नाण्याएवढा गोल दिसतो आणि त्याच्याभोवती नळीच्या आतले आटे पाण्यासारखे वळत जातात. सगळ्या नळ्यांमधून तसंच दिसलं.

शेवटी बादलीत एक बोल्ट उरला. कपाटात रायफल उरली नाही.

"चारशे सतरा," तोर्गनीने आकडे वाचले. "मावशी, ही कुठे आहे?"

गुन्वोरच्या सुया थांबल्या.

"ती वरची."

"वरची म्हणजे?"

तिने हनुवटीने खिडकीबाहेर दाखवलं. घरामागे टेकडी होती, आणि टेकडीच्या माथ्यावर, तळ्याकडे तोंड करून, एक माणूस जेमतेम उभा राहील एवढी लाकडी चौकी होती. युद्धाच्या काळात सीमेवर पहारा असायचा, तेव्हाची.

"चौकीत? बाहेर? उघड्यावर?"

"ती आधीपासून तिथेच होती. आमच्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी फोल्केला सापडली. घरात आणायला म्हणून गेला, आणि रिकाम्या हाताने परत आला. त्यानंतर फक्त बोल्ट आणला, काय मनात आलं कुणास ठाऊक. दरवर्षी परवान्यावर तिचा नंबर लिहायचा, पण तिला हलवू द्यायचा नाही. रोज अंधार पडायला लागला की वर जायचा. मी खालून ओरडायची, फोल्के, जेवण गार होतंय! तरी याचं आपलं तेच."

"करायचा काय तिथे?"

"उभा राहायचा."

तोर्गनीने परवान्याची प्रत पुन्हा बघितली. चारशे सतरा खरंच त्यात होती, आणि सकाळीच त्याने सगळी शस्त्रं ताब्यात घेतल्याची सही करून दिली होती. म्हणजे या घटकेला ती रायफल त्याच्या जबाबदारीवर, कुलूप नसलेल्या लाकडी खोक्यात, टेकडीवर उभी होती. कुणी उचलून नेली तर परवाना गेला.

"हे सकाळी सांगायचं नाही का मावशी!"

"तू विचारलंस का? आता राहू दे. इथेच झोप, सकाळी उजेडात आण."

"मला सहाला चर्चमध्ये असायचंय."

"मग तशीच ठेवून जा. ती कुठे पळून जात नाही."

"पुन्हा उद्या एवढ्या लांब कोण येणार? दहा मिनिटांचं काम आहे." त्याने बोल्ट कोटाच्या खिशात टाकला, नळी साफ करायची सळई आणि विजेरी घेतली, आणि कानटोपी ओढत बाहेर पडला.

चढावर बर्फ गुडघ्याला लागत होता. कुणाच्या पावलाची खूण नव्हती. रात्रीचा बर्फ जसा पडला तसा होता. तोर्गनी धापा टाकत, स्वतःशी पुटपुटत चढत होता. साबणाने धुतले म्हणे. भट्टीवर वाळवले. पाव आणखी एक घे म्हणे. वर पोचला तेव्हा तळ्यापलीकडच्या नॉर्वेच्या टेकड्यांवर फक्त एक पिवळट पट्टा उरला होता.

चौकीसमोर तो थबकला. दाराजवळचा बर्फ तुडवलेला होता. पाय गार पडू नयेत म्हणून पहाऱ्यावरचा माणूस जागच्या जागी पाय आपटतो, तसा गोल, घट्ट तुडवलेला. आणि तिथपर्यंत यायची किंवा तिथून जायची पावलं कुठेच नव्हती.

"कार्टी," तोर्गनी म्हणाला. गावातल्या पोरांशिवाय हे उद्योग कोण करणार? ती आली कुठून, हा प्रश्न त्याने सोडून दिला. वेळ नव्हता.

आत ओल्या लोकरीचा आणि तंबाखूचा वास होता. बाहेर श्वास गोठत होता, पण आत, लाकडाच्या त्या फटीफटीच्या खोक्यात, नुकतंच कुणी उठून गेल्यासारखं ऊबदार होतं. रायफल कोपऱ्यात उभी होती. त्याने ती उचलली. विजेरीच्या उजेडात आधी चकती बघितली आणि क्षणभर सगळा वैताग विसरला. खुणा कोऱ्या करकरीत नळीच्या होत्या. इतकी वर्षं उघड्यावर उभी राहून दस्त्याला कुठे चीर नाही, नळीवर गंजाचा ठिपका नाही. नंबर तोच. कपाटातल्या सगळ्या मिळून झाल्या नसत्या एवढ्या मोलाची एकटी ही होती.

त्याने सवयीने नळीचं तोंड उघड्या दाराकडे, तळ्यावरच्या पिवळ्या पट्ट्याकडे केलं आणि मागून डोळा लावला.

काळोख. उजेडाचा गोल नाही.

नळी बुजली असणार. त्याने सळई घातली. ती तोंडातून सरळ बाहेर आली, कुठे अडली नाही. पुन्हा डोळा लावला. काळोख. त्याने रायफल खाली केली आणि दाराबाहेर बघितलं. पट्टा होता, तळं होतं, मधे काही नव्हतं. पुन्हा डोळा लावला.

काळोख... आणि मग तो काळोख हलला. कडेने आधी एक बारीक चंद्रकोर उजळली, मग अर्ध, मग पूर्ण गोल, लख्ख, आटे पाण्यासारखे वळलेले. नळीच्या तोंडासमोर उभं असलेलं काहीतरी सावकाश बाजूला व्हावं तसं.

तोर्गनीने रायफल छातीशी धरली. डोळ्यांना ताण पडलाय, तो मनाशी म्हणाला. दिवसभर बारीक आकडे वाचून दुसरं काय होणार? नंबर जुळतो, बोल्ट बसतो की नाही तेवढं बघायचं आणि खाली जायचं. त्याने खिशातून बोल्ट काढला आणि सरकवला. तो लोण्यात सुरी जावी तसा आत गेला. खट्.

"बदली का?"

आवाज दाराच्या बाहेरून, अगदी जवळून आला. दबका, थकलेला, म्हाताऱ्या माणसाचा.

तोर्गनीला सगळ्यात आधी आली ती चीड. तुडवलेला बर्फ, आता हा खेळ. हा शेजारचा बोर्येच असणार. गावभर थट्टा करत फिरायची त्याची ख्याती होती. आणि याला हीच वेळ सापडली.

"हो रे बाबा, बदली!" तो ओरडला. "पहारा घेतला! जा आता घरी, जेवण गार होतंय तुझं!"

तोंडातून शब्द गेले आणि जीभ चावावी असं त्याला वाटलं. अठराव्या वर्षी सक्तीच्या सैनिकी सेवेत जे पहिल्या आठवड्यात शिकवतात ते या देशातला प्रत्येक पुरुष जन्मभर विसरत नाही. पहाऱ्याचे शब्द थट्टेत म्हणायचे नसतात. ज्याने हातात रायफल घेऊन ते म्हटले त्याचा पहारा. बदली येईपर्यंत तो तिथून हलत नाही. त्यांच्या तुकडीत एकाने गंमत म्हणून ते म्हटले होते आणि सकाळपर्यंत पावसात उभा राहिला होता. सार्जंटने सांगितलं होतं, "म्हणालास ना? मग झालं."

बाहेर कुणीतरी खोल श्वास सोडला. मग पावलं. बर्फात दाबून पडणारी, सावकाश, उताराने खाली घराकडे जाणारी. तोर्गनी दारात आला. उतार मोकळा होता. त्याचीच मघाची चढतीची पावलं, एकेरी. आवाज मात्र खाली खाली जात होता... आणि मग घराचं मागचं दार उघडून बंद झाल्याचं ऐकू आलं.

"मूर्खपणा," तो म्हणाला आणि निघाला.

म्हणजे निघायचं ठरवलं. पाय उचलला, पण तो उंबरठ्याबाहेर पडायच्या आत परत जागेवर आला. एखाद्या कामाला उठावं आणि काय काम ते विसरून परत बसावं, तसं. त्याने पुन्हा उचलला. त्याला कुणी धरलं नव्हतं, ढकललं नव्हतं. फक्त त्याच्या मनात, त्याच्याच आवाजात, शांतपणे येत होतं, इथे कुणी नाही, मग मी कसा जाऊ? रायफल कोपऱ्यात ठेवायचं ठरवलं तर बोटं सुटली नाहीत. त्याने स्वतःला शिव्या घातल्या. तळ्याला घातल्या. फोल्केला घातल्या. घातल्या तेवढ्या सगळ्या तिथेच, उभ्या जागी.

खिशात फोन वाजला. डाव्या हाताने काढता आला.

"निघालास ना?" पर्निला.

"निघतोय."

"निघतोय म्हणजे? बाबा, दोनला निघणार होतास!"

"एक... एक काम राहिलंय. टेकडीवर."

"तीरा झगा घालून बसली आहे. विचारतेय, आजोबा पुढच्या बाकावर बसणार की मागच्या."

"पुढच्या," तोर्गनी म्हणाला. त्याचा आवाज चिरकला. "पुढच्याच बाकावर म्हणून सांग."

"तू रडतोयस का?"

"थंडी आहे."

फोन बंद झाला. पट्टा विझला होता. तळं काळं झालं होतं. त्याचे पाय आपोआप, एकामागून एक, बर्फात आपटायला लागले होते.

किती वेळ गेला ते त्याने बघितलं नाही. मग खालून कंदिलाचा ठिपका हलत आला. गुन्वोर. डोक्याला शाल गुंडाळलेली, चार पावलं टाकायची, थांबायची, दम खायची. चौकीपासून थोड्या अंतरावर ती उभी राहिली.

"तोर्गनी?"

"मावशी, मला... मला हलता येत नाही. हसू नका."

"मी कशाला हसू?" तिने कंदील वर धरून त्याचे आपटणारे पाय बघितले. "तू काही बोललास का कुणाशी?"

"कुणीतरी विचारलं बदली का. मी हो म्हणालो. रागाने म्हणालो."

"फोल्के गमतीने म्हणाला होता," गुन्वोर म्हणाली. "मरायच्या आदल्या दिवशी इस्पितळात सांगितलं मला. युद्ध संपलं तेव्हा इथल्या छावणीतले सगळे घरी गेले, वर पहाऱ्यावर असलेल्या पोराला सांगायचं राहून गेलं. त्याला गमतीने, हो, रोज तासभर मी उभा राहतो म्हणालो, म्हणाला. तेवढं गेलं की भागायचं, म्हणे, दिवसभर मोकळीक असायची. पण मेल्यावर काय, हे त्याला माहीत नव्हतं. तेवढं एकच विचारत होता... गुन्वोर, आता बदली कोण करणार?" तिने नाक ओढलं. "मला वाटलं औषधांमुळे बडबडतोय. मी म्हटलं, झोप आता."

तोर्गनीचे पाय आपटतच होते.

"आत्ता मागचं दार वाजलं," ती म्हणाली. "मी वळून बघितलं नाही. शाल घेतली आणि पुढच्या दाराने आले." मग ती दोन पावलं पुढे आली. "नातीचं गाणं किती वाजता?"

"सहाला."

"मग दे इकडे."

"नाही मावशी."

"तासाभराचं तर काम. माझं खाणंपिणं झालंय, अंगात दोन स्वेटर आहेत. तू गाणं ऐक, पोरीला भेट, आणि सकाळी ये. मग तुझं तू बघ." तिने हात पुढे केला. "सत्तावन्न वर्षं त्याच्यावर ओरडले. एक दिवस उभी राहिले तर काय बिघडलं? सकाळी येशील ना?"

"सकाळी उजाडताच येतो."

"झालं तर मग. काय म्हणायचं असतं?"

तोर्गनीने तिच्याकडे बघितलं. तिची लोकरी मोज्यातली बोटं रायफलीभोवती बसली होती. चर्च तिथून दीड तासावर होतं. रस्ता एव्हाना साफ झाला असेल.

त्याने तिला शब्द सांगितले. तिने ते म्हटले, शाळेतली मुलगी कविता म्हणते तसे, ताठ उभी राहून. त्याचा हात सुटला. पाय उंबरठ्याबाहेर पडला, दुसराही पडला, आणि तो घसरत, पडत, धावत खाली आला.

गाडीकडे जाताना स्वयंपाकघराच्या खिडकीवरून जावं लागत होतं. दिवा चालू होता. टेबलाशी खिडकीकडे पाठ करून कुणीतरी बसलं होतं, खांदे पुढे झुकलेले, आणि ताटातलं सावकाश खात होतं. तोर्गनी थांबला नाही.

चर्चमध्ये तो पोचला तेव्हा दिवे मालवत होते. पर्निलाने पुढच्या बाकावर आपला कोट ठेवून जागा धरली होती. तिने कोट उचलला. मग अंधारात मागच्या दारातून गाणं आलं आणि त्याच्यामागून उजेड. तीरा मान ताठ धरून चालत होती. मेणाचा एक थेंब तिच्या केसांवर ओघळला होता. बाकापाशी आल्यावर तिने डोळ्यांच्या कोपऱ्यातून त्याला बघितलं आणि गाता गाता हसली.

रात्री जेवताना तो दोनदा फोनपाशी गेला. रेव्हमीराला कुणी उचलला नाही. म्हातारी खाली येऊन झोपली असणार, त्याने स्वतःला सांगितलं. दुसरं काय करणार? असल्या थंडीत शहाणं माणूस वर थांबेल का? आपल्याला थकव्याने भास झाला आणि तिने समजूत घातली, एवढंच. झोप मात्र लागली नाही.

चौदा डिसेंबर. सकाळी उणे सव्वीस. गाडी सुरू झाली नाही. बॅटरी बसली होती. शेजाऱ्याकडे तारा होत्या त्या तोकड्या निघाल्या. दुरुस्तीवाला म्हणाला, येतो, पण माझीच गाडी सुरू होत नाही. तोर्गनी उघड्या बॉनेटसमोर उभा राहून आजच्याच दिवशी, आजच्याच दिवशी, असं म्हणत राहिला. दुपारी बाराच्या सुमारास फोन आला. बोर्ये होता. आवाजात थट्टा नव्हती.

"गुन्वोर गेली," तो म्हणाला. "वर चौकीत. उभ्या उभ्या. कुत्रं भुंकायचं थांबेना म्हणून गेलो. रुग्णवाहिकेचे दोघं आले आहेत. तू ये."

"मी येऊन काय करू?"

"तिच्या हातात रायफल आहे. सुटत नाही. आम्ही तिघांनी प्रयत्न केला. टेबलावर तुझा सहीचा कागद आहे, पोलिस म्हणतात ज्याच्या ताब्यात आहे त्याला बोलवा."

तोर्गनीने पर्निलाची गाडी घेतली. रेव्हमीराच्या अंगणात त्याने इंजिन चालूच ठेवलं. बंद केलं तर परत सुरू व्हायचं नाही. स्वयंपाकघरात अंधार होता. टेकडीवर आता खूप पावलं होती. वर बोर्ये आणि ते दोघं एका बाजूला उभे होते, तोंडातून वाफा निघत होत्या. गुन्वोर चौकीत ताठ उभी होती, शाल डोक्यावर, पापण्यांवर हिमाचे कण, तोंड खालच्या वाटेकडे. रायफल छातीशी धरलेली.

"गरम पाणी ओतलं," बोर्ये हळूच म्हणाला. "बोटं दगडासारखी आहेत. तोडावी लागतील असं हे म्हणतात."

तोर्गनी दारात गेला.

"मावशी," तो म्हणाला.

तिची बोटं उघडली. आधी करंगळी, मग एकेक करून बाकीची. रायफल पुढे कलली आणि तोर्गनीने ती धरली.

तिघांनी तिला घोंगडीत गुंडाळलं, स्लेजवर ठेवलं आणि सांभाळून खाली नेलं. अर्ध्या वाटेवरून बोर्येने हाक मारली, "येतोस ना रे?"

"तुम्ही व्हा पुढे," वरून उत्तर आलं.

रुग्णवाहिका तीनला पाच मिनिटं असताना गेली. सूर्य मावळला होता. पर्निलाच्या गाडीचं इंजिन अंगणात चालू होतं. रात्री सव्वादहाला पेट्रोल संपून ते बंद पडलं.